दोनशे सत्तर मीटर

मस्कतच्या वादी अदाईत एका पिवळट इमारतीच्या मागे डोंगर आहे. त्यावर झाड नाही, पाला नाही, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा नुसता दगड. या डोंगरावर रोज पहाटे पाचला एक बाई चढायची. वय एकोणपन्नास, पाठीवर सॅक, सॅकेत सहा लिटर पाणी आणि पाच किलोची तांदळाची पिशवी. तीन वर्षं हे चाललं होतं, आणि खालच्या किराणा दुकानातला मल्याळी तिला अजूनही विचारायचा, "चेची, ऊपर क्या मिलता है?" वैशाली तांबे नुसती हसायची. वर काय मिळतं ते तिला सांगता आलं असतं, पण शेजारापाजारात जेवढ्यास तेवढं बोलायचं हा तिचा नियम होता. तो नियम पुढे तिला कसा नडला, त्याचीच ही हकिकत.

वैशाली चिपळूणकडची. तिचे वडील तानाजी बांधकाम खात्यात खलाशी होते. समुद्राशी या खलाशाचा काही संबंध नाही. सर्व्हे चालू असताना लाल-पांढरी पट्टी घेऊन डोंगराच्या नेमक्या टोकावर जाऊन उभा राहतो तो हा खलाशी. साहेब खाली सावलीत दुर्बिणीला डोळा लावणार, आकडा वाचणार, वहीत लिहिणार, आणि नकाशावर सही साहेबांची. टोकावर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव कुठेही येत नाही. तानाजींना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांना चीड यायची ती अर्ध्या चढावरच पट्टी रोवून "वर पोचलो" अशी हाळी देणाऱ्या कामचुकारांची. पट्टी धरली नाही तिथला आकडा सांगायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मुलीला बजावून सांगितली होती.

मुलगी ड्राफ्ट्समन झाली. बावीस वर्षं रुवीतल्या एका सल्लागार कंपनीत बसून तिने ओमानच्या घाटरस्त्यांचे नकाशे काढले. समोच्चरेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या वेड्यावाकड्या रेषा, तिच्या हाताखालून किती गेल्या असतील याला गणती नाही. तीन हजार मीटरपर्यंतचे डोंगर तिने खुर्चीत बसून काढले, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर एक दिवस तिच्या मनाने घेतलं की आता आपण स्वतः जाऊन उभं राहायचं. जबल शम्स, ओमानचा सर्वांत उंच डोंगर, दोनदा झाला. मग तिला अँडीजमधला औसांगाते पर्वत सापडला. त्याच्या भोवतीने पाच दिवसांची वाट, वाटेत पालोमानी नावाची खिंड, पाच हजार दोनशे मीटर. तिने त्या वाटेचा नकाशा स्वतः काढला, लाल रेघेने वाट दाखवली आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर लावला.

घाई होती, कारण ऑफिसने सांगून टाकलं होतं की डिसेंबरअखेर तिची जागा ओमानी मुलीला द्यायची आहे. मुलगी वैशालीच्याच हाताखाली शिकलेली, गुणी. तिच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण व्हिसा संपला की चिपळूण, सासूबाईंची गुडघेदुखी, आणि पुन्हा कुठला अँडीज? नवरा लोकेश दूर सहम गावी एका गोदामात सुपरवायझर, गुरुवारी रात्री घरी यायचा. तो म्हणाला, "जा तू. नाहीतर म्हातारपणी मला ऐकवत बसशील." आणि त्याने तिला उंची दाखवणारं घड्याळ आणून दिलं.

तिला बरोबर घेतलं ते सलील आणि अस्मिता करंदीकरांनी. यातही प्रेमाचा भाग थोडाच होता. सलील एका मोठ्या कंपनीत सेफ्टी मॅनेजर, मराठी मंडळाचा सेक्रेटरी, मूळ पुण्याचा. ट्रेकची टूम त्याची. एजन्सी तिघांपेक्षा कमी लोक घेत नव्हती, आणि बाकीचे उत्साही एकेक करून गळाले होते. "वैशालीताई, तुमच्याशिवाय जमतच नाही बघा," असं तो म्हणाला ते शब्दशः खरं होतं. अस्मिता शुक्रवारी मंडळाच्या वर्गात मुलांना मराठी शिकवायची. वैशालीची सोळा वर्षांची देविका तिच्याकडेच शिकत होती. अस्मिता वैशालीला "तू" म्हणायची आणि वैशाली तिला "अस्मिताताई, तुम्ही." दोघींच्या वयात फरक दोन वर्षांचा.

निघण्याआधीच मंडळाने सत्काराची तारीख ठरवली. रुवीतल्या दुकानातून बॅनरही छापून आला. "अँडीज सर करणाऱ्या करंदीकर दांपत्याचा हृद्य सत्कार", त्यावर दोघांचे हसरे फोटो, आणि खाली बारीक अक्षरात "व सौ. वैशाली तांबे". बाजारात तुरी, म्हणतात, त्यातलीच ही गत. वैशालीला बॅनरचं सोयरसुतक नव्हतं. तिला खिंड हवी होती.

गाइडचं नाव फ्लोरेंतिनो. पन्नाशीचा, बुटका, छातीचा भाता मोठा, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी त्याने दोन नियम सांगितले. एक घोडा रिकामा मागून चालेल. त्याच्यावर कुणाचंही सामान लादायचं नाही. ज्याला चालवणार नाही तो त्यावर बसेल, आणि जो बसेल तो खालीच जाईल, वर नाही. दुसरा नियम असा की रोज संध्याकाळी तो प्रत्येकाला विचारणार, डोकं दुखतं का, झोप लागली का, काय खाल्लं. "या उंचीवर मला खोटं सांगू नका," तो म्हणाला. "डोंगराला कळतं, मला उशिरा कळतं."

पहिले दोन दिवस वैशालीच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, यात शंका नाही. वादी अदाईच्या डोंगराने तिच्या पायांत जे भरलं होतं ते इथे कामाला आलं. सलील धापा टाकत, फोटो काढत यायचा. अस्मिता बिचारी मनाने निश्चयी होती, पण अंगात दम नव्हता. फ्लोरेंतिनोने दुसऱ्या दिवशी वैशालीला पुढे चालायला सांगितलं आणि तिच्या पावलांकडे बघून म्हणाला, "डोंगरातल्या बाईसारखी चालतेस." ती लाजली, आणि दिवसभर ते वाक्य तिने मनातल्या मनात कितीदा तरी पुन्हा ऐकलं.

त्याच दिवशी संकष्टी होती.

अस्मिताने मुलाच्या नोकरीसाठी एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या आणि ही एकोणिसावी. मुलगा कॅनडात शिकून रिकामा बसलेला. उपवास मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. सलीलला तिने सांगितलं नव्हतं, कारण तो सेफ्टी मॅनेजर. त्याने आरडाओरडा केला असता. सलील घोरतो म्हणून दोघी बायका एका तंबूत होत्या, त्यामुळे वैशालीला मात्र सकाळपासून सगळं दिसत होतं. सकाळची लापशी अस्मिताने घोडेवाल्याच्या कुत्र्याला घातली. दुपारी बटाट्याचं सूप खडकामागे ओतलं. दिवसभर तिच्या पोटात गेलं ते कोकाच्या पानांचा चहा आणि दोन खजूर.

संध्याकाळी तंबूत वैशाली म्हणाली, "अस्मिताताई, आता तरी खा. उद्या पहाटे खिंड आहे."

"चंद्र उगवल्याशिवाय कसं खाणार?"

"मस्कतला तर तो इथल्या दुपारी साडेबारालाच उगवला. त्या हिशोबाने सोडा ना."

अस्मिता हसली. ते हसू प्रेमळच होतं, आणि म्हणूनच वैशालीला जास्त लागलं. "तसं नसतं गं. आपण जिथे असू तिथला चंद्र बघायचा असतो. तुमच्यात नसतं ना हे, तुला नाही कळायचं."

तुमच्यात नसतं. बावीस वर्षांत हे वाक्य वैशालीने किती घरांत, किती सुरांत ऐकलं होतं. कुणी मुद्दाम दुखवायला म्हणत नाही, हे ती स्वतःलाच समजावायची. मस्कतला आली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका हळदीकुंकवात ती सहज म्हणून गेली होती की उपवासाच्या साबुदाण्याने पोट बिघडतं. त्यावर जी शांतता पसरली, ती तिला आजही आठवते. पुढच्या महिन्यात चार घरांतून बोलावणं आलं नाही. तेव्हापासून तिने गाठ मारली की कुणाच्या देवाधर्मावर, व्रतावर आपण तोंड उघडायचं नाही. आपण बौद्ध, आपण काही बोललो की ते नुसतं बोलणं राहत नाही, टीका होते. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

जेवणाच्या तंबूत फ्लोरेंतिनो प्रत्येकाला विचारत फिरला. अस्मिता म्हणाली, सगळं खाल्लं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, समाधान झालं नाही, आणि तो वैशालीकडे वळला. "तू तिच्या तंबूत आहेस. तुझी मैत्रीण जेवली?"

अस्मिता तिच्याकडे बघत होती. वैशालीला क्षणभर वाटलं, सांगावं. मग तिला मस्कत दिसलं, शुक्रवारचा वर्ग दिसला, देविकाला शिकवणारी बाई दिसली, आणि पुढे मंडळात कोण काय म्हणेल तेही ऐकू आलं. करंदीकरांच्या अस्मिताचं व्रत त्या तांब्यांच्या बाईने मोडलं.

"हो," ती म्हणाली. "जेवली."

चंद्र काही दिसला नाही. तळ डोंगराच्या कुशीत, पूर्वेला हिमनदीची भिंत, त्यावर ढग. अस्मिताने दोनदा तंबूची चेन उघडून बघितलं आणि उपाशीच झोपली. पहाटे पाचला निघताना तिने हात जोडून नमस्कार केला आणि अर्धा कप चहा घेतला.

दोन तास बरे गेले. तिसऱ्या तासाला चढ उभा झाला, पायाखाली तांबडी घसरती माती. अस्मिता थांबली, म्हणाली, "सलील, मला काही दिसत नाहीये," आणि खाली बसली ती आडवीच झाली. ओठ निळे. फ्लोरेंतिनोने तिच्या बोटाला यंत्र लावलं, तोंडात साखरेचं पाणी घातलं, डोळ्यांची पापणी वर करून बघितली आणि घोडा पुढे आणायला सांगितलं. घोड्याला हाक गेली म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वैशालीने घड्याळ बघितलं. चार हजार नऊशे तीस.

खिंड वर दिसत होती. दगडांची रास, तिच्यावर फडफडणारी रंगीत चिंधी. उरले दोनशे सत्तर मीटर. घरामागच्या डोंगराएवढे, मोजून तेवढेच.

फ्लोरेंतिनो म्हणाला, "घोडेवाला तिला खालच्या गावात नेईल. पण त्याला फक्त इथली क्वेचुआ भाषा येते. तुमच्यातलं एक कुणीतरी बरोबर पाहिजे. बाकीच्यांना घेऊन मी पुढे जाईन." हे म्हणताना तो सलीलकडे बघत होता. नवरा म्हटल्यावर दुसरं कुणाकडे बघायचं?

सलील मराठीत वैशालीशी बोलला, गाइडला कळू नये म्हणून. "वैशालीताई, एक रिक्वेस्ट होती. लेडीजना लेडीजचीच मदत बरी पडते, काही लागलं-सवरलं तर. आणि माझं मंडळात प्रेझेंटेशन ठरलंय, लोक वाट बघतायत. तुमचं काय, तुम्ही इतक्या फिट आहात, तुम्ही केव्हाही परत येऊ शकता."

केव्हाही परत. डिसेंबरात व्हिसा संपत होता हे त्याला माहीत होतं. निरोपसमारंभाची वर्गणी त्यानेच गोळा करायला घेतली होती.

यावर वैशाली नाही म्हणू शकली असती. म्हणायला हवं होतं. बायको तुमची, तुम्ही जा, एवढे चार शब्द. पण घोड्यावर बसवताना अस्मिताची मान कलंडली. "हो, जेवली" हे शब्द तिचे होते. ते ती बोलली नसती तर फ्लोरेंतिनोने बाईला आज चढवलीच नसती. आपल्या खोटेपणाने ही मरायला टेकली, मग आपण कोणत्या तोंडाने वर जायचं? तिने सॅकेचा पट्टा आवळला.

"मी जाते," ती म्हणाली. फ्लोरेंतिनोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्याला भाषा कळली नसेल, पण बाकी सगळं कळलं असावं. त्याने खिशातून कोकाची तीन पानं काढून तिच्या हातात ठेवली आणि तो वर चालू लागला.

उतरताना तिने एकदाच मागे बघितलं. सलील खिंडीच्या बराच जवळ पोचला होता.

हजारभर मीटर उतरल्यावर अस्मिताचे ओठ लाल झाले. गावात एका म्हातारीने बटाटे उकडून दिले, ते तिने सहा खाल्ले. तिसऱ्या प्रहरी ती उठून बसली, चहा मागितला आणि म्हणाली, "बाप्पानेच वाचवलं गं." वैशालीच्या मनात आलं, घोड्याने वाचवलं, पण ती याही वेळी बोलली नाही. संध्याकाळी अस्मिताने अल्पाकाच्या पिलाबरोबर फोटो काढून घेतला. मग तिने वैशालीचा हात धरला. "उपवासाचं कुणाला बोलू नकोस हं. सलीलला तर नकोच. लोक नावं ठेवतील." वैशाली नाही बोलणार म्हणाली. त्या रात्री आकाश लख्ख होतं, आणि चंद्र अगदी वेळेवर उगवला.

सप्टेंबरात रुवीच्या हॉलमध्ये सत्कार झाला. बॅनर तोच. सलीलने पडद्यावर फोटो दाखवले. खिंडीवर हात पसरून उभा असलेला सलील तर तीनदा आला. वाटेचा नकाशा म्हणून त्याने वैशालीचाच नकाशा लावला होता, तिने हौसेने मोबाइलवर पाठवलेला. कोपऱ्यातली तिची सही फोटो कापताना गेली होती. मग तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी अस्मिताला थोडा उंचीचा त्रास झाला. वैशालीताईंनाही जरा जड जात होतं, त्यामुळे दोघी खाली उतरल्या. सेफ्टी फर्स्ट!" लोक हसले.

देविका आईच्या शेजारी बसली होती. तिने कानात विचारलं, "मम्मा, यू वेअर सिक?"

वैशालीला शाल, श्रीफळ नाही, पण गुलाब मिळाला. निवेदिकेने आग्रह केला, ताई, दोन शब्द. तिने माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत अस्मिता बसली होती, हातातल्या बांगड्या मागेपुढे करत. वैशालीने घसा साफ केला. "मला त्रास झाला नव्हता," ती म्हणाली. "मी अस्मिताताईंबरोबर खाली आले."

मग मंडळाचे अध्यक्ष उठून म्हणाले, "बघा, हा मनाचा मोठेपणा! स्वतः त्याग करून वर त्याचा गाजावाजा नाही." टाळ्या झाल्या. सलीलने सगळ्यांत जोरात वाजवल्या. तिचं खरं बोलणं त्यांनी असं गोड करून गिळून टाकलं, आणि लोक मसालेभाताच्या रांगेकडे वळले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. एवढंच की आधी तोंड तिनेच आवळून धरलं होतं.

परतताना लोकेश गाडी चालवत होता, आणि अस्मिताताईंच्या उपवासाचं वैशालीने दोघांना आत्ताच सांगितलं होतं. देविका मागे बसली होती. ती मराठीत बोलली, अडखळत, जसं अस्मिताताईंनी शिकवलं होतं तसं. "मम्मा, तो गाइड रोज विचारायचा ना, काय खाल्लं? त्या दिवशी नाही विचारला?"

"विचारलं. मलाच विचारलं."

"मग तू काय सांगितलीस?"

"जेवली म्हणून सांगितलं."

"तुला माहीत होतं तरी?"

"हो."

"पण त्या मेल्या असत्या."

लोकेशने आरशातून मुलीकडे बघितलं. वैशाली खिडकीबाहेर बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "मेल्या असत्या."

"मग का?"

"भीती वाटली."

"डोंगराची?"

"नाही गं. अस्मिताताई काय म्हणतील, मंडळात कोण काय म्हणेल, याची."

देविका पुढे काही बोलली नाही. कदाचित तिला मराठीत शब्द सापडले नसतील. कदाचित सापडलेही असतील.

घरी आल्यावर वैशालीने टीव्हीच्या वरचा नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. ब्लेडच्या टोकाने ती लाल रेघ खरवडू लागली, पालोमानीपासून मागे मागे. लोकेश म्हणाला, "राहू दे ना. कोण बघायला येणार आहे? वर जाण्याएवढा दम तर तुझ्या पायांत होताच." ती थांबली नाही. रेघ चार हजार नऊशे तीसवर आणून तिने तिथे एक बारीक टिंब काढलं, शेजारी आकडा लिहिला, आणि नकाशा पुन्हा भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती सॅक न घेताच घरामागच्या डोंगरावर गेली. दुकानाचं शटर अर्धवट उघडं होतं, पण मल्याळ्याने आज काही विचारलं नाही. वर पोचल्यावर तिने घड्याळ बघितलं. दोनशे सत्तर मीटरला एकतीस मिनिटं लागली होती.